महालक्ष्मी की महालक्ष्म्या?

भाद्रपदात नागपुरात कोणी "उद्या महालक्ष्मीचं जेवण आहे, या" म्हटलं, की बाहेरून बदली होऊन आलेला माणूस शहराजवळच्या कोराडीच्या महालक्ष्मी मंदिराचा रस्ता विचारतो. जेवण असतं शेजारच्या गल्लीत.

घोळ नावाचा आहे, पण अर्धाअधिक तो व्याकरणच सोडवतं. कोराडीची महालक्ष्मी एक. घरच्या महालक्ष्म्या दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या ह्याच. फक्त आमच्याकडे "गौरी बसल्या" असं कोणी म्हणत नाही.

कोराडीला जायचं तर मानकापूरवरून पुढे. वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की देऊळ आलंच. तिला जगदंबाही म्हणतात. सांगतात, की जाखापूरच्या झोलन राजाला सात मुलगे, पण मुलगी नव्हती. त्याने यज्ञ केला आणि देवीच लेक होऊन आली. मूर्ती सकाळी कुमारिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढ दिसते, अशी श्रद्धा आहे. चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत लोक नवस बोलून आपल्या नावाने अखंड ज्योत लावतात. तेलाच्या त्या ज्योतींच्या रांगांपुढे उभं राहिलं की घाम फुटतो, तरी पाय निघत नाही.

घरच्या महालक्ष्म्यांचा थाट वेगळाच. त्या तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतात: अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. म्हणून दर साली कॅलेंडर उघडावं लागतं. पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे, नव्या साड्या, सोबत त्यांची लेकरं, वर फुलोरा टांगलेला. दारातून आणताना "महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली" म्हणत कुंकवाची पावलं उमटवायची. आणि मग स्वयंपाक! पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील. आंबील नसेल तर बाकीचं ताट कितीही भरलेलं असो, आजी नाक मुरडणारच. सोळा भाज्या मोजता मोजता दोन कमी पडतात, तेव्हा सगळ्या एकत्र करून एकच मिसळीची भाजी करण्याची युक्तीही घरोघरी ठाऊक आहे.

कोराडीला जाताना ओटीचं सामान न्यायचं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मात्र सकाळपासून पोट रिकामं ठेवायचं, कारण "एक पोळी अजून" ला नाही म्हणायची सोय नसते.