सिस्टीम अपडेट आणि आवृत्ती क्रमांक

ऑपरेटिंग सिस्टीममधील त्रुटी बुजवणारे आणि नव्या सोयी आणणारे बदल कामाच्या संगणकावर चढवणे, आणि कोणत्या मशीनवर कोणते सॉफ्टवेअर कोणत्या क्रमांकाचे आहे हे टिपून ठेवणे, ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. कोल्हापूरच्या बोलण्यात पहिल्याला ‘अपडेट मारणे’ म्हणतात. दुसऱ्याला बोलीत नावच नाही, त्यामुळे ते काम कोणाच्या नावावरही पडत नाही.

आवृत्ती क्रमांक दिसतो दशांशासारखा, पण तो दशांश नव्हे. ७.९ नंतर ७.१० येते, कारण टिंब फक्त भाग पाडते. रूढ संकेतानुसार पहिला आकडा जुन्याशी न जुळणारा बदल दाखवतो, दुसरा नव्या सोयी आणि तिसरा दुरुस्त्या. मात्र हा संकेत सगळेच पाळतात असे नाही. उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा आकडा म्हणजे तारीखच : २४.०४ ही एप्रिल २०२४ ची आवृत्ती. उबंटूसारख्या सिस्टीमचा गाभा असलेला लिनक्स कर्नल २०११ मध्ये २.६.३९ वरून थेट ३.० झाला, तेव्हा आत काही उलथापालथ झाली नव्हती.

विंडोजमध्ये तर नाव एक आणि आकडा दुसरा. विंडोज ७ आतून ६.१ होते, कारण अनेक प्रोग्रॅम पहिला आकडा तपासत आणि तो बदलला असता तर अडून बसले असते. विंडोज ११ आजही स्वतःला १०.० म्हणवते; बिल्डचा, म्हणजे आतल्या घडणीचा, आकडा २२००० किंवा त्यापुढचा असेल तरच ते ११. मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीचे नाव होते ‘२००४’, म्हणजे सन २० मधला चौथा महिना. ते वाचून हे सोळा वर्षांपूर्वीचे विंडोज आहे असे कोणाला वाटले, तर दोष त्याचा नव्हे. पुढच्या आवृत्तीपासून ‘२०एच२’ अशी पद्धत आली. म्हणून फोनवर ‘विंडोज कुठलं आहे?’ असे विचारण्यात अर्थ नाही. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ (winver) टाकायला सांगावे आणि बिल्डचा आकडा वाचून घ्यावा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, उद्यमनगरातील मशीन शॉप, शहरातले छापखाने अशा ठिकाणी अपडेटचा वेग विंडोज ठरवत नाही. साखळीतली सर्वांत जुनी कडी ठरवते. ती कडी म्हणजे कॅम सॉफ्टवेअरच्या (मशीनसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या) डोंगलचा, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या किल्लीचा, ड्रायव्हर असेल, सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवणारी सिरीयल केबल असेल, किंवा युनिकोड हा अक्षरांचा सामाईक संकेत येण्याआधीच्या मराठी फॉन्टचे कीबोर्ड सॉफ्टवेअर असेल. फॉन्टची कडी सर्वांत फसवी. अपडेटनंतर मशीन नीट सुरू होते, इंग्रजी ठीक दिसते, आणि जुनी लग्नपत्रिका उघडल्यावरच जोडाक्षरे मोडलेली सापडतात. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्त्या मिळणे, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यावर चालणारे मशीन बदलता येत नसेल तर नेटपासून तोडून ठेवतात. मग प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने येतात आणि व्हायरसही त्याच वाटेने येतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

मायक्रोसॉफ्टची मासिक दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला निघते. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे अनुभव येतो तो बुधवारी सकाळी, पहिल्या पाळीला. मार्च २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही प्रिंटरना छपाईचा आदेश देताच विंडोज निळ्या पडद्यावर कोसळत होते. अशा धसक्याने अपडेट कायमचे बंद ठेवणारे भेटतात. त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण आहे : वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या छिद्रातून शिरला, त्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी निघाली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. तेव्हा आठवडाभर थांबणे शहाणपणाचे, दोन महिने थांबणे नव्हे. बिलिंग ज्यावर चालत नाही अशा एका मशीनवर आधी अपडेट घ्यावे, डोंगल, प्रिंटर आणि फॉन्ट तपासावेत, मग बाकीच्यांवर. मासिक दुरुस्त्या साठत जाणाऱ्या असतात, त्यामुळे चुकलेले महिने एकेक करून चढवावे लागत नाहीत. वार्षिक मोठ्या अपडेटवरून मागे फिरायला साधारणपणे दहा दिवस मिळतात. त्याआधी जागा करण्यासाठी जुन्या विंडोजचे फोल्डर साफ केले, तर परतीची वाट बंद. अपडेट चालू असताना लाईट गेली तर काय, याचे उत्तर यूपीएसच्या बॅटरीचे वय देते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. जुन्या बाजारातून घेतलेले पुष्कळ पीसी इथेच अडतात. ईमेल आणि हिशेबाच्या तक्त्यांपुरत्या मशीनला उबंटू पुरते. डोंगलवाल्या कॅमला ते पुरत नाही. तिथे नवे मशीन घेण्याआधी डोंगलच्या ड्रायव्हरची विंडोज ११ वर चालणारी आवृत्ती आहे का, हे विक्रेत्याकडून क्रमांकासह लिहून घ्यावे लागते.