वळीव, पत्रा आणि चाकांवरची खोली

मागच्या मे महिन्यात सोलापुरात होटगी रोडला एक जुनी कॅरव्हॅन बघायला गेलो होतो. जीपमागे जोडून ओढायची, सोळा फुटी, आत दोन पलंग आणि छोटा ओटा. आईचे गुडघे दुखतात, लॉजचे जिने तिला झेपत नाहीत, पण हंपी बघायची तिची फार इच्छा. म्हणून हा खटाटोप. गाडी बाहेरून पांढरीशुभ्र, आत नवे पडदे, ओट्याला नवा सनमायका. मला तर बघताक्षणीच आवडली.

सोबत एक चाचा होते. उसाच्या ट्रॉल्या बनवण्यात त्यांची हयात गेली. ते आत चढलेच नाहीत. "सर, आधी खाली वाका," म्हणाले, आणि गोणपाट अंथरून स्वतःच चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी पायाखाली, सरकले.

स्प्रिंगचे पाटे चासीला जिथे धरतात, तिथला वेल्ड त्यांना बघायचा होता. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते. चासीचंही तसंच. प्रत्येक खड्डा तिला किंचित पिळतो आणि सोडतो, आणि असे लाखो पीळ सोसल्यावर लोखंड थकतं. चीर पडायला सुरुवात होते ती आकार जिथे एकदम बदलतो तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वेल्डच्या काठाला. काठाशी मूळ लोखंड वितळून खाच पडली असेल, तर चीर तिथूनच निघते. वेल्डर तिला अंडरकट म्हणतात. चांगला वेल्ड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा दिसतो, आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंना अलगद मिळून गेलेल्या असतात.

बारीक चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. चाचांनी जोडावरची माती खरवडली, रॉकेलचा बोळा फिरवला, दहा मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसलं आणि वरून पांढरा खडू घासला. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल परत बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. इथे सगळ्या जोडांवर खडू पांढराच राहिला. चासी उत्तम होती. टायर कधी बनला ते सांगणाऱ्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तेही ठीक निघाले.

खोट वर होती, आणि ती समजायला सोलापूरचं ऊन समजून घ्यावं लागतं.

या गाडीचा सांगाडा लोखंडी पाइपांचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मध्ये थर्माकोल. आपल्याकडे मेच्या दुपारी हवा ४२-४३ अंशांवर जाते. उन्हातलं छत त्याहून खूप तापतं, ६५ अंश धरायला हरकत नाही. जानेवारीच्या पहाटे तेच छत १५ अंशांवर असतं. फरक ५० अंशांचा. एवढ्या फरकाने ५ मीटर लांबीचं ॲल्युमिनियम पावणेसहा मिलिमीटर वाढतं आणि खालचं लोखंड फक्त तीन. उरलेले पावणेतीन मिलिमीटर कुठे जाणार? स्क्रू आणि रिव्हेट ते सोसतात. त्यांची गोल भोकं हळूहळू लांबट होतात, सांध्यातला मसाला, म्हणजे सीलंट, ताणून ताणून सुटतो. म्हणून छतावर शिडी लावून चढायलाच हवं. सांध्यातल्या सीलंटमध्ये नख दाबा. दबून परत वर आलं तर जीव आहे. टणक लागलं किंवा त्याचे तुकडे पडले तर संपलं. एकावर एक तीन थर दिसले तर गळती आधीच होऊन गेली आहे असं समजा. त्यातही जुन्या सिलिकॉनच्या अवशेषांवर नवं काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे वरून मारलेली ती मलमपट्टी फार दिवस टिकत नाही. स्क्रूभोवती पांढरी भुकटी असेल तर ओल येऊन तिथलं ॲल्युमिनियम गंजलंय. लोखंडाला चिकटून ओलं झालेलं ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं.

"सोलापुरात पाऊस पडतो कुठे?" असं मालक म्हणाले. मीही आधी असाच विचार करायचो. पण उन्हाने उघडलेल्या सांध्याला पावसाळाभर पाऊस लागत नाही, एक वळीव पुरतो.

भिंतीतली पोकळी दुपारभर तापलेली असते. साडेचारला ढग येतात, वारा सुटतो, टपोरे थेंब पडतात आणि छत झटक्यात ६५ वरून ३० अंशांवर येतं. आतली हवा आकसते. पोकळी पूर्ण बंद असती तर आतला दाब दहा टक्क्यांनी, म्हणजे एक मीटर पाणी वर ओढण्याइतका उतरला असता. खऱ्या गाडीत हवा इकडून तिकडून शिरते, पण त्याचा दहावा हिस्सा जरी उरला तरी सांध्यावर साचलेलं पाणी आत ओढलं जाणारच. शिवाय ०.२ मिलिमीटरच्या फटीत पाणी नुसत्या केशाकर्षणाने सात सेंटिमीटरपर्यंत चढतं. चाचांच्या खडूवर रॉकेल ज्या ओढीने येतं, तीच ही ओढ. पाणी खालून वर चढून पत्र्याच्या आत जातं हे पटायला जड आहे, पण ते जातं.

आत गेलेलं पाणी थर्माकोलच्या मागे अडकतं. लाकडात वजनाच्या वीसेक टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. त्यामुळे प्लाय कोणती वापरली हे विचारा. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेली प्लाय फिनॉलिक डिंकाची असते आणि पाणी बरंच सोसते. फक्त दमटपणा सोसणाऱ्या साध्या एमआर प्लायचे थर सुटतात. शिक्का बहुधा कपाटाच्या आतल्या, रंग न दिलेल्या बाजूला सापडतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. आपल्या मे महिन्यात प्लाय इतकी वाळलेली असते की ओल मोजणारं यंत्रही सगळं ठीक दाखवतं. उन्हाळ्यात गाडी बघणं म्हणजे रोग्याला ताप उतरल्यावर तपासणं. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो. जमलं तर त्यानंतर बघा. नाहीच जमलं तर मालकाला विनंती करून दुपारी चारला, छत तापलेलं असताना, पाइपने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जेट नको, त्या जोराने चांगला सांधाही गळेल. खालून सुरुवात करून दहा-दहा मिनिटांनी वर सरका, म्हणजे कुठल्या सांध्याला पाणी शिरलं ते कळतं. आत गाद्या काढून, कपाटं उघडून एकाने बॅटरी घेऊन बसायचं.

आत मी बसलो. पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग पाणी छतावरच्या झडपेपर्यंत पोचलं, आणि तिथून चार फूट लांब, पुढच्या पलंगाखालच्या कोपऱ्यात एक थेंब चमकला. भिंतीवर बोटाने टकटक केलं. वर टणटण, कोपऱ्याकडे येता येता आवाज बसका झाला. अंगठा दाबला तर नव्या सनमायकाखालची प्लाय भिजलेल्या खारीसारखी आत गेली, आणि बंद माळ्यावरच्या गोणपाटासारखा वास आला. मालक खाली वाकून बघत राहिले. त्यांनी ती दोन वर्षांपूर्वी अशीच, उन्हाळ्यात घेतली होती.

चासी चांगली असल्यामुळे चाचांनी किंमत पाडून तीच घ्यायला लावली. पुढची भिंत आणि छत उघडून आम्ही पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये ब्युटाइल रबराची मऊ पट्टी घातली. ती वर्षानुवर्षं लवचीक राहते, त्यामुळे दोघांना आपापल्या परीने वाढता येतं. आता दर मेच्या अखेरीस आणि दसऱ्याच्या सुमारास मी शिडी लावतो, आणि पलंगाखालचा तो कोपरा अंगठ्याने दाबून बघतो.