पोतोसी: चांदीचा डोंगर आणि त्याखालचं पाणी

बोलिव्हियातलं पोतोसी समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरहून उंच आहे. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई रचलं, तरी त्या शहराची उंची गाठता येणार नाही. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम 60 टक्के, आणि पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं. झाडं जवळपास नाहीत. तरीही सतराव्या शतकात इथे दीड लाखाच्या घरात माणसं राहत होती, ती शहराला लागून असलेल्या सेरो रिको या डोंगरामुळे.

हा डोंगर म्हणजे सुमारे 1.4 कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा घुमट. भेगांतून वर चढलेल्या गरम पाण्याने त्यात चांदीच्या शिरा भरल्या. माथ्याजवळच्या शिरांवर हवापाण्याचा परिणाम होऊन तिथली चांदी सहज सुटण्याजोगी झाली होती. 1545 मध्ये खाणकाम सुरू झालं तेव्हा आधी हेच खनिज हाती लागलं. अँडीजमधले कारागीर ते 'वायरा' नावाच्या भट्टीत वितळवत. ही मातीची, अंगभर भोकं असलेली भट्टी टेकडीच्या धारेवर ठेवत. भात्याचं काम वारा करी, जळण म्हणून इचू गवत आणि लामाच्या लेंड्या. वीसेक वर्षांत श्रीमंत खनिज संपत आलं आणि उरलेल्या हलक्या मालापुढे वायरा निकामी ठरू लागली.

1572 पासून पारा वापरात आला. तो पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई. आधी खनिज पिठासारखं बारीक कुटायचं, चाळायचं, मग हौदात मीठ, पाणी आणि पारा घालून तुडवायचं. पुढे त्यात मोरचूदही पडू लागलं. त्यामुळे गंधकाशी जखडलेली चांदी क्लोराइड रूपात येते आणि मग पाऱ्यात मिसळते. थंडीत ही क्रिया रेंगाळते, म्हणून सुरुवातीला हौदांखाली जाळ करत. मिश्रण धुऊन, कापडात पिळून, तापवलं की पारा उडतो आणि चांदी उरते. पण क्लोराइडमधून सुटणाऱ्या दर किलो चांदीमागे सुमारे 1.9 किलो पारा स्वतःच क्लोराइड होऊन बसतो. तो गाळाबरोबर ओढ्यात जाई, तापवताना निसटलेली वाफ कामगारांच्या फुप्फुसात.

खरी अडचण कुटण्याची होती. लोखंड बसवलेली जड मुसळं उचलायला पाणचक्क्या हव्यात, आणि पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च एवढाच. म्हणून 1570च्या दशकापासून वरच्या कारी-कारी डोंगररांगेत धरणं बांधली गेली. तिथलं पाणी शहराच्या मधून जाणाऱ्या रिबेरा कालव्यात सोडत आणि त्याच्या काठाने गिरण्या उभ्या राहिल्या. कालव्याच्या एका बाजूला स्पॅनिशांची वस्ती, तर डोंगराकडच्या बाजूला मुख्यतः 'मिता' या वेठबिगारीखाली आणलेल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या. या पद्धतीत 16 प्रांतांमधून दरवर्षी सुमारे 13,000 पुरुष आणले जात. ती कायद्याने बंद झाली 1812 मध्ये.

ही चांदी नाण्यांच्या रूपाने सुरतेपर्यंत पोचली आणि तिथल्या मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये झाले.

15 मार्च 1626 रोजी सान इल्देफोन्सो धरण फुटलं. पावसाळ्याच्या शेवटी तलाव तुडुंब भरलेला, आणि खाली थेट शहर. ज्या कालव्याच्या काठी गिरण्या दाटीने उभ्या होत्या, त्यातूनच लोंढा आला. बहुतेक गिरण्या वाहून गेल्या, माणसंही. धरण पुन्हा बांधलं गेलं. कारी-कारीच्या तलावांतून पोतोसीला आजही पिण्याचं पाणी मिळतं.