खाणयंत्रांचे नाममुद्रण

एखाद्या कारखान्यात तयार झालेल्या आभासी चलनाच्या खाणयंत्रावर खरेदीदाराचे स्वतःचे नाव, बोधचिन्ह वा रंग चढवून देण्याची पद्धत आणि तिचा खर्च. खाणयंत्र म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनाच्या नोंदी साखळीत बसवण्यासाठी लागणारे एकच गणित अहोरात्र करीत राहणारे, केवळ त्याच कामासाठी घडवलेल्या चिपचे (एसिक) यंत्र. विदर्भात या शब्दाचा खुलासा करावा लागतो. वणी, उमरेड, बल्लारपूरकडे खाण म्हटली की कोळशाचीच, आणि खाणीतले यंत्र म्हणजे डंपर किंवा ड्रॅगलाइन. त्यामुळे बोलण्यात ‘मायनिंग मशीन’ हाच शब्द सोयीचा पडतो.

उगम : पहिले एसिक खाणयंत्र कोणाचे, यावर एकमत नाही. बटरफ्लाय लॅब्ज या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये आगाऊ मागण्या घेतल्या, पण यंत्रे गिऱ्हाइकांच्या हाती पडायला २०१३ उजाडले. चीनमधील एसिकमायनर या गटाच्या चिप २०१३ च्या आरंभी चालू झाल्या. मात्र त्या मुख्यतः स्वतःच्याच उत्खननासाठी, म्हणजे यंत्रे चालवून चलन मिळवण्यासाठी, होत्या. अॅव्हलॉन हे यंत्र (पुढे कनान कंपनीचे) जानेवारी २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील आज्ञावलीकार जेफ गार्झिक यांना पोचले. घोषणा हा निकष धरला तर एक उत्तर येते, चिप धरली तर दुसरे. प्रस्तुत नोंदीत गिऱ्हाइकाला मिळालेले यंत्र हा निकष धरला आहे, कारण नावाचा प्रश्न विक्रीतूनच उभा राहतो; आणि त्या निकषावर अॅव्हलॉनचे अग्रपद मान्य करावे लागते.

दुसऱ्याच्या मालावर आपले नाव घालण्याची सुरुवातही अशीच वादाची आहे. २०१३ मध्ये अॅव्हलॉनच्या सुट्या चिप विकल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या जोडणीकारांनी त्या आपापल्या सर्किट बोर्डांवर बसवून वेगवेगळ्या नावांनी चालवल्या. नाममुद्रणाचा आरंभ येथूनच मानावा, असे एक मत आहे. परंतु त्या बोर्डांची रचना जोडणीकाराची होती, म्हणजे नाव त्याच्या स्वतःच्या कामाचे होते. तयार यंत्राचे नुसते नाव पालटून विक्री झाल्याचे ठळक उदाहरण २०१४ मधले : झ्यूसमायनरची स्क्रिप्ट पद्धतीची (लाइटकॉइन इ. चलनांसाठीची) यंत्रे अमेरिकेत गॉ मायनर्सने ‘फ्युरी’ या नावाने विकली. हेच आरंभाचे उदाहरण अधिक ग्राह्य वाटते. गॉ मायनर्सवर अमेरिकी रोखे आयोगाने डिसेंबर २०१५ मध्ये दावा दाखल केला, पण तो आभासी उत्खननाच्या हिश्श्यांच्या विक्रीबद्दल होता, यंत्रांचे नाव बदलण्याबद्दल नव्हे. दोन्हींची गल्लत होऊ नये.

खर्चाचे स्वरूप : खर्च दोन प्रकारचा, एकरकमी आणि दर नगामागचा. छपाईची जाळी, पुढच्या पट्टीचा साचा, नमुना यंत्र आणि चित्राची जुळणी हे एकदाच लागते. शाई, स्टिकर, खोका आणि मजुरी प्रत्येक यंत्राला. समजा, एकरकमी खर्च १ लाख रुपये आला. दहा यंत्रांच्या मागणीवर तो दर नगी १०,००० रुपये बसतो, पाचशेच्या मागणीवर २०० रुपये. कारखाने किमान मागणीची अट घालतात ती याच हिशेबाने. दोन-चार यंत्रे घेणाऱ्याला कारखान्याकडून नाव घालून घेणे परवडत नाही, ते एवढ्यासाठीच.

स्टिकर सर्वांत स्वस्त, पण तो लावायची जागा पाहावी लागते. हवेवर थंड होणाऱ्या यंत्रात एका तोंडाने हवा आत जाते आणि दुसऱ्या तोंडाने तापून बाहेर पडते. गरम तोंडाकडे लावलेल्या कागदी स्टिकरचा डिंक सुटतो, कडा आधी वळतात, मग धूळ चिकटते, आणि सुटलेला तुकडा पंख्याच्या जाळीवर जाऊन बसतो. म्हणून स्टिकर थंड तोंडाच्या बाजूस आणि तोही पॉलिएस्टरचा असावा. लेसरने कोरलेले नाव टिकते. विदर्भातल्या वाचकाला याची ओळख वेगळ्या वाटेने आहे : भांड्यांच्या दुकानात पातेले घेतले की दुकानदार तिथल्या तिथे छोट्या यंत्राने त्यावर नाव टाकून देतो. तिथे कोरलेले नाव घेणाऱ्याचे असते. खाणयंत्रावर ते विकणाऱ्याचे असते, आणि नावाबरोबर येणाऱ्या दायित्वामुळे (पुढे पाहा) खर्चातला मोठा फरक याच ठिकाणी पडतो.

रंगासाठी पावडर कोटिंग करतात. रंगाची भुकटी विद्युतभाराने पत्र्यावर बसवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्की करतात. तयार यंत्र भट्टीत घालता येत नाही; पंखे, हॅशबोर्ड (गणित करणाऱ्या चिपची पाटी), वीजपुरवठा सगळे काढून रिकामा सांगाडा द्यावा लागतो. भुकटीचा थर वीजरोधक असल्याने अर्थिंगचे स्क्रू जिथे पत्र्याला टेकतात तेवढी जागा झाकून ठेवावी लागते. ही झाकपाक राहिली तर यंत्र दिसायला देखणे, पण सांगाडा अर्थिंगपासून तुटलेला. पत्र्याची कामे करणाऱ्या कारागिराला हे सांगितल्याशिवाय काम देऊ नये. नागपूरजवळच्या हिंगणा व बुटीबोरी औद्योगिक वसाहती या कामाला जवळ पडतात. तरी उघडलेल्या यंत्रावर मूळ कारखान्याची हमी राहीलच असे नाही, हे रंगाच्या दरात धरावेच लागते.

फर्मवेअरमधील (यंत्रातच भरलेल्या आज्ञावलीतील) नाव, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण पानावर दिसणारे बोधचिन्ह, हा वेगळा भाग. त्या आज्ञावलीची फाइल कारखान्याच्या सांकेतिक सहीने कुलूपबंद असेल, तर बाहेरच्याला ती बदलता येत नाही. कारखान्याने बदलून दिली, तरी पुढच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीत तो बदल पुन्हा करावा लागतो.

नोंदणी व दायित्व : नाव स्वतःचे करायचे तर व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली नोंदणी लागते. संगणकीय साहित्याचा वर्ग नववा. ऑनलाइन अर्जाचे शुल्क २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप वा लघुउद्योगास दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांस ९,००० रुपये. नोंदणी १० वर्षे टिकते. विदर्भाचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात.

याहून जड भाग भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीचा. ती कारखाना आणि ब्रँड या दोहोंना धरून असते. माल तोच, पण नाव नवे, तर त्या नावाचा समावेश वेगळा करून घ्यावा लागतो. खाणयंत्र स्वयंचलित संगणन यंत्रांत मोडते की स्वतंत्र विद्युत उपकरणांत, हा वर्गीकरणाचा प्रश्न चिवट आहे. अमेरिकी सीमाशुल्क विभागाने ते ८४७१ (संगणन यंत्रे) ऐवजी ८५४३ (स्वतंत्र विद्युत उपकरणे) या शीर्षकाखाली घातले. यंत्राचे काम पाहता हा निर्णय पटण्याजोगा आहे, कारण वापरणाऱ्याला त्यावर दुसरी आज्ञावली मनाजोगी चालवता येत नाही.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दुसऱ्याने बनवलेले उपकरण स्वतःच्या ब्रँडने विकणाराही त्यांत ‘उत्पादक’ ठरतो. यंत्र निकामी झाल्यावर त्याच्या विल्हेवाटीचे दायित्व नावाबरोबर येते. खर्चाच्या अंदाजपत्रकात रंग आणि खोका मांडला जातो, हे कलम सुटते. आणि छोटा व्यापारी अडकतो तो येथेच. वऱ्हाडातल्या कापूस-प्रेसवाल्याला ही गोष्ट परकी नाही. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कायद्याने प्रत्येक रुईगाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले होते. खुणेला लागे ती थोडी शाई. पण गाठ ओली वा भेसळीची निघाली की माग त्या खुणेवरून थेट प्रेसपर्यंत येई.

ग्रामीण विदर्भातील परिस्थिती : बिटमेन कंपनीच्या एस२१ सारखे ३,५०० वॉटचे यंत्र दिवसाला ८४ युनिट वीज घेते. कृषिपंपाला थ्री-फेज पुरवठा पाळीने दिवसा किंवा रात्री ठरावीक तासच मिळत आला आहे, आणि ती जोडणी अन्य कामाला वापरणे वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून दुप्पट दराने आकारणी होते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवेवर थंड होणाऱ्या अनेक यंत्रांची आत येणाऱ्या हवेची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. जिनिंगच्या गावात रुईचे तंतू जाळीवर साचून पापुद्रा धरतात, तो ब्रशने काढावा लागतो. ज्याचे नाव यंत्रावर, त्याच्याकडेच ही तक्रार येते. तेव्हा हमीची मुदत छापण्यापूर्वी उन्हाळा हिशेबात घ्यावा.

करआकारणी : आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे. त्यात खरेदी किमतीखेरीज वजावट नाही, आणि उत्खननाच्या साधनांवरील खर्च खरेदी किंमत धरला जात नाही, असे शासनाने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. यंत्रांचा व्यापारी याहून वेगळा. त्याचा माल हे साधे यंत्र असल्याने नाममुद्रणाचा खर्च त्याच्या धंद्याच्या हिशेबात धरता येतो.

पुनर्विक्री : एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनचे प्रतिठोकळा बक्षीस (नोंदींचा एक गठ्ठा साखळीत बसवण्याबद्दल मिळणारे) ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले आणि जुनी यंत्रे वापरणाऱ्यांची मिळकत आणखी आटली. जुन्या यंत्राचा गिऱ्हाईक पुढच्या पट्टीवरचे नाव पाहत नाही. तो झाकण उघडून हॅशबोर्डवरचा मूळ अनुक्रमांक वाचतो. त्या क्रमांकाच्या पट्टीवर स्वतःचा स्टिकर चिकटवलेला असेल, तर तो आधी सोलून काढावा लागतो.