खटला नाही, आरोप नाही, तरी आठ वर्षे बाहेर: बास्केटबॉलपटू कॉनी हॉकिन्स प्रकरणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलवरचा सट्टा बहुतेकदा कोण जिंकणार यापेक्षा किती गुणांनी जिंकणार यावर लागतो. बुकीने बलाढ्य संघासाठी 10 गुणांचा फरक धरला आणि तो संघ 6 गुणांनीच जिंकला, तर त्याच्यावर पैसे लावणारे बुडतात. म्हणून जुगाऱ्याला खेळाडूने सामना हरायला नकोच असतो. दोन-तीन सोप्या फेकी चुकल्या, एखादा पास उशिरा गेला, की काम भागते. संघ जिंकलेला असल्याने संशयही येत नाही. याला ‘पॉइंट शेव्हिंग’ म्हणतात. हा गुन्हा खेळ पाहून सिद्ध होत नाही, त्यामुळे सगळी भिस्त कबुलीवर आणि दलालाच्या साक्षीवर राहते. निरपराध खेळाडू सापडतो तो इथेच.

1951 मध्ये अशाच पॉइंट शेव्हिंगमध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू पकडले गेले. आदल्याच वर्षी या संघाने एनसीएए आणि एनआयटी या कॉलेजांच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. केंटकी विद्यापीठाकडून खेळलेले अ‍ॅलेक्स ग्रोझा आणि राल्फ बिअर्ड तोवर एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, पोचले होते. त्यांनी पैसे घेतल्याचे कबूल केले आणि आयुक्त मॉरिस पोडोलॉफ यांनी त्यांना कायमचे बाहेर काढले. केंटकीच्याच सात फुटी बिल स्पायव्हीने मात्र आरोप कधीच मान्य केला नाही. त्याच्यावरच्या खोट्या साक्षीच्या खटल्यात 1953 मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पुढे तो खटला सोडून देण्यात आला. तरीही एनबीएचे दार त्याला उघडले नाही. कोर्टात जे टिकले नाही, ते लीगमध्ये टिकले.

हॉकिन्सच्या वाट्याला याहून वाईट आले. ब्रुकलिनचा हा 6 फूट 8 इंची मुलगा 1960 मध्ये आयोवा विद्यापीठात गेला. तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणजे फरक कमी करण्यासाठी त्याच्या हातात सामनाच नव्हता! 1961 मध्ये पॉइंट शेव्हिंगचा नवा घोटाळा उघडकीला आला. त्यामागे जॅक मोलिनास होता. सट्टा लावल्याबद्दल 1954 मध्ये एनबीएने काढलेला माजी खेळाडू. हॉकिन्सने त्याच्याकडून 200 डॉलर उसने घेतले होते आणि प्रकरण फुटण्याआधीच ते परतही गेले होते. न्यूयॉर्कच्या गुप्तहेरांनी या मुलाला वकिलाशिवाय अनेक दिवस प्रश्न विचारले. गुन्हा दाखल झाला नाही, पण आयोवा सुटले.

एनबीएने बंदी घातली ती फार साध्या पद्धतीने. 1964 मध्ये तो ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीसाठी, पात्र झाला, पण कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही, कारण त्याचा करार आयुक्त वॉल्टर केनेडी मंजूर करणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते. असा नकार कोर्टात ओढायचा तरी कसा? पिट्सबर्गच्या रॉझलिन आणि डेव्हिड लिटमन या वकील दांपत्याने 1966 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेतला. लीगमधले संघ संगनमताने एका माणसाचा धंदा अडवत आहेत, असे म्हणत त्यांनी 60 लाख डॉलरचा दावा लावला. ही वाट निवडण्यात फार मोठी हुशारी होती. आता हॉकिन्सला निर्दोषत्व सिद्ध करत बसायचे नव्हते. आपल्याकडे काय पुरावा आहे हे लीगलाच दाखवावे लागणार होते. 1969 च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने तो पुरावा किती तकलादू आहे हे छापले आणि त्याच वर्षी लीगने तडजोड केली. सुमारे 13 लाख डॉलर आणि फिनिक्स सन्स या एनबीए संघात जागा.

दरम्यान तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघाबरोबर हिंडला आणि 1968 मध्ये एबीए या प्रतिस्पर्धी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एनबीएत पहिला सामना खेळला तेव्हा तो 27 वर्षांचा होता. पहिल्याच हंगामात त्याने सरासरी 24.6 गुण केले. 1992 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याची निवड झाली. पण उमेदीची वर्षे तडजोडीत परत मिळत नाहीत.

आज एका आयुक्ताच्या नजरेवर सगळे अडत नाही, पण वेळ फार थोडा मिळतो. 2006 च्या ड्राफ्टपासून अमेरिकी खेळाडूला 19 वर्षांची अट आहे आणि शाळा संपून किमान एक वर्ष जावे लागते. त्यामुळे अव्वल खेळाडू कॉलेजात बहुधा एकच हंगाम काढतो. त्यात वाद उठला तर तो निवळायच्या आत ड्राफ्ट येतो. पहिल्या फेरीतल्या करारात दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. त्यामुळे नाव थोडे जरी खाली घसरले तरी मोठे नुकसान होते.

2019 मध्ये मेम्फिस विद्यापीठाच्या जेम्स वाइझमनवर 12 सामन्यांची बंदी आली. कारण होते प्रशिक्षक पेनी हार्डवे यांनी पूर्वी त्याच्या कुटुंबाला दिलेले 11,500 डॉलर. तो तीनच सामने खेळून कॉलेज सोडून गेला, तरी 2020 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. उंची आणि कौशल्य तर होतेच, पण रक्कम, देणारा आणि शिक्षा हे सगळे कागदावर स्पष्ट होते. लुईव्हिल विद्यापीठात गेलेल्या ब्रायन बोवेनचे तसे नव्हते. त्याच्या कुटुंबाला 1 लाख डॉलर देण्याचा बेत 2017 मध्ये एफबीआयच्या तपासात पुढे आला. त्याच्यावर गुन्हा नव्हता, पण कॉलेज संघातून खेळण्याच्या पात्रतेचा प्रश्न लोंबकळत राहिला. तो लुईव्हिलकडून एकही सामना खेळला नाही, सिडनीला जाऊन व्यावसायिक हंगाम काढला आणि 2019 च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव कोणीही पुकारले नाही.