अल्सरेटिव्ह कोलायटिस

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन त्यावर जखमा होण्याचा दीर्घकाळचा आजार. शास्त्रीय मराठीत व्रणीय बृहदांत्रशोथ. रुग्णांच्या तोंडी नुसते ‘कोलायटिस’. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये जागा न सोडता वर सरकते. कुणाची तिथेच थांबते, कुणाचे सगळे मोठे आतडे व्यापते. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये या नावाने आजाराचे वर्णन केले.

आपल्याकडे शौचातून रक्त पडले की पहिला संशय मूळव्याधीवर आणि दुसरा आमांशावर. मलम होते, अमीबाच्या गोळ्या होतात, त्यात महिने जातात. रक्तात आव मिसळलेली असणे, घाई आवरता न येणे आणि शौचासाठी झोपेतून उठावे लागणे ही मूळव्याधीची लक्षणे नव्हेत. निदान कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे पाहणे) आणि बायोप्सी (अस्तराचा तुकडा काढून तपासणे) यांवर ठरते.

आजार काही काळ शांत राहतो, मग उचल खातो. शांत असताना माणूस धडधाकट असतो आणि गोम इथेच आहे: बरे वाटतेय म्हणून गोळ्या सुटतात. मेसालामाइन हे मुख्य औषध उचल थोपवण्यासाठीच बरे असतानाही घ्यायचे असते. डोकेदुखी-सांधेदुखीवर सहज घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी आणि पोटातला जंतुसंसर्ग ही उचलीची आणखी दोन निमित्ते. सिगारेट सोडल्यावरही काहींचा आजार बळावतो. सिगारेट चालू ठेवायला मात्र हे कारण पुरत नाही.

उचल आली की आधी शौचाची तपासणी करून संसर्ग नाही ना हे पाहतात. मग मेसालामाइनचा डोस वाढवतात, जोडीला एनिमा देतात. बरेच जण एनिमाला लाजतात, पण सूज खालच्या भागात असेल तर गोळीपेक्षा तोच थेट पोचतो. रात्री शौचाला जाऊन यायचे, बाटली हलवायची, डाव्या कुशीवर निजून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा आणि औषध हळूहळू आत सोडायचे. आतड्याचा खालचा भाग डावीकडे असतो, म्हणून डावी कूस. पहिल्या काही रात्री औषध आत टिकत नाही. चादरीखाली प्लास्टिक घालावे.

एवढ्याने भागले नाही तर प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉइड काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवायचे असते. जुनी चिठ्ठी दाखवून स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करणे किंवा एकदम बंद करणे, दोन्ही घातक. त्यापुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे येतात: अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने. भारतात इन्फ्लिक्सिमॅबआधी दडलेला क्षयरोग शोधणे विशेष महत्त्वाचे.

दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्ती शौच आणि सोबत नव्वदीपुढे नाडी, ३७.८ अंश सेल्सियसवर ताप किंवा १०.५ खाली हिमोग्लोबिन असेल तर दवाखान्यात दाखल व्हावे. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरात आहे.

पथ्याचा बाऊ फार होतो. उचल असताना मऊ भात, मुगाचे वरण बरे. कोशिंबीर, मोडाची कडधान्ये, झणझणीत रस्सा काही दिवस बाजूला. पण उचल ओसरल्यावरही वर्षानुवर्षे वरणभातावरच राहिलेले रुग्ण दिसतात, आणि त्यांचे वजन आजारापेक्षा पथ्याने घटलेले असते. दूध सोसत असेल तर सोडायचे कारण नाही.

खरा जाच प्रवासाचा. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते, त्यामुळे वाटेत कुठेही उतरता यावे म्हणून फास्टऐवजी स्लो गाडी परवडते. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा आजार होता. २००७ आणि २०२० अशा दोन्ही राजीनाम्यांमागे तो होता.

सूज आतड्याच्या बऱ्याच भागात असेल तर साधारण आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करतात. औषधांना दाद न देणाऱ्यांचे मोठे आतडे काढून लहान आतड्याचीच पिशवी जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले डॉक्टर पार्क्स आणि निकल्स यांनी ही शस्त्रक्रिया १९७८ मध्ये मांडली. पिशवीलाही पुढे सूज येऊ शकते. तिच्यावर बहुधा अँटिबायोटिकचा कोर्स पुरतो.