मामा, गाडी ओरडून राह्यली!

दसऱ्याला घेतलेली भाच्याची मोटरसायकल दिवाळीच्या आतच बोंबलायला लागली. "मामा, बर्डीच्या सिग्नलवर ब्रेक मारला का गाडी ओरडून राह्यली. सारे वळून पाह्यतात." शोरूमवाल्यांनी 'नवी आहे, चालवत राहा, जाईल' एवढं सांगून त्याची बोळवण केली होती. हे उत्तर अर्धंच खरं असतं.

भाच्याची खरी धास्ती वेगळी होती: एवढा आवाज येतो, म्हणजे ब्रेक लागत नसेल. हिशेब मांडून पाहू. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर या गतीत सुमारे १९ हजार ज्यूल ऊर्जा असते. तीन सेकंदांत थांबायचं तर ब्रेकना सरासरी सहा किलोवॉटहून जास्त शक्ती पचवावी लागते, म्हणजे दोन किलोवॉटचे तीन गिझर एकदम लावल्यासारखं. यातली जवळपास सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. कानठळ्या बसवायला मात्र एका वॅटचा हजारावा भाग पुरतो. तेवढ्या ध्वनिशक्तीने मीटरभरावर ८० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. तेव्हा किंचाळी किती मोठी आहे यावरून ब्रेकची ताकद कळत नाही.

मग आवाज येतो कुठून? सारंगीवर गज ओढताना तार गजाला चिकटून थोडी ओढली जाते, सुटते, पुन्हा चिकटते, असं सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या तारेत हा चिकट-निसटीचा खेळ कसा चालतो याचा सखोल अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला आणि १९१८ साली तो प्रसिद्ध केला. (नागपूरकरांसाठी पुरवणी: त्याआधी १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत बदली होऊन रामन काही काळ आपल्या गावात होते.) ब्रेकमध्ये गजाच्या जागी पॅड, म्हणजे दाबून घासणारा तुकडा असतो आणि तारेच्या जागी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती. ही डिस्क काशाच्या थाळीसारखी थरथरते, तिची कड आत-बाहेर लवते. सेकंदाला हजारापासून पंधरा हजारांपर्यंत कंपनं होतात, आणि आपला कान दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट.

घर्षण एकटं पुरत नाही. पॅड आणि तो डिस्कवर दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, यांचे आपले सूर असतात, डिस्कचे आपले. त्यातले दोन जवळ आले की घर्षणातून मिळालेली ऊर्जा दोघं एकमेकांना पुरवत राहतात आणि थरथर वाढतच जाते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच शोरूममधून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एक गाते, दुसरी मुकी राहते. पॅडच्या पाठीला पातळ पत्रा किंवा ब्रेकचं खास ग्रीस लावतात ते हे जुळलेले सूर बिघडवण्यासाठीच. त्यात मोटरसायकलची डिस्क उघडी, गंजू नये म्हणून बहुधा स्टेनलेस स्टीलची. कारची असते बिडाची, आणि बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंप लवकर विरतो. घरातला बिडाचा तवा आणि स्टीलची परात वाजवून बघा.

भाच्याच्या गाडीचा आवाज केवढा याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. तो केव्हा येतो, हे हवं होतं. लक्ष्मीनगरच्या रिकाम्या गल्लीत आधी इंजिन बंद करून गाडी ढकलली. ब्रेक न दाबता आवाज आला असता तर कॅलिपरची पिन अडकली किंवा खडा घुसला, असा संशय घेतला असता. चाकाच्या दर फेऱ्याला एकदाच चिरकली असती तर डिस्क वाकडी. धातू खरवडल्यासारखी खरखर असती तर गाडी चालवायचीच नाही. यातलं काहीच नव्हतं. मग चालवून पाहिली. मागचा ब्रेक एकटा दाबला: गप्प. पुढचा एकटा, हलक्या हाताने: गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन हातांवर 'चींऽऽ'. वेग उतरला की बऱ्याच पॅडचं घर्षण वाढतं, आणि चिकट-निसटीला तेच हवं असतं.

टॉर्च लावला तर पुढच्या डिस्कवर इंद्रधनुष्यी तवंग.

"डिस्क कशाने पुसतोस?"

भाच्याने सीटखालून एक पिवळं फडकं काढलं. चेनचं तेल, टाकीचं पॉलिश, डिस्क, सगळ्याला तेच. इथे मात्र त्याची धास्ती अगदीच खोटी नव्हती, कारण पॅडमध्ये तेल मुरलं की आवाज तर येतोच, शिवाय पकडही खरोखर कमी होते.

सक्करदऱ्याच्या मिस्त्रीने पॅड काढून हातावर ठेवले. काचेसारखे गुळगुळीत. "तेल आतपर्यंत गेलं असन तं नवेच टाका लागन," तो म्हणाला, पण तेवढं गेलं नव्हतं. पॅड पॉलिश पेपरवर हलके घासले, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. रॉकेल किंवा डिझेल इथे नको, त्यांचा तवंग मागे राहतो. पॅडची धूळ तोंडाने फुंकायचीही नाही, ती छातीत जाते.

राहिलं काम रस्त्यावरचं. नवा पॅड आणि नवी डिस्क सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकतात. मिहानकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी, मागे कोणी नाही हे पाहून, वेग ५० वरून १० पर्यंत ठाम हाताने उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची. असं दहा-बारा वेळा. पॅडच्या मालाचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. बर्डीच्या गर्दीत ब्रेकला नुसतं बोट लावत सहाशे किलोमीटर काढले तर तो नीट बसत नाही. 'चालवत राहा, जाईल' यातला खोटा भाग तो हा.

आता गाडी गप्प आहे. पहाटे दव पडलं की पहिल्या दोन ब्रेकला बारीक चिरकते आणि ओल उडाली की थांबते. त्या आवाजाला हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. पिवळं फडकं चेनपुरतं उरलं. डिस्कसाठी बहिणीने जुनं सुती लुगडं फाडून दिलं.